लेनर्ड कोहेन : गीतसाधनेची साठ वर्षे

गाण्यासाठी लिहिलेल्या शब्दांना वाङ्मयाच्या पंक्तीत बसवावे किंवा नाही, हा वाद वाङ्मयप्रेमी मंडळींत जुनाच आहे. कवी 'गीतकार' झाला म्हणजे तो एक पायरी खाली उतरला, असे मानण्याकडे आपला, त्यातही आम्हा शिक्षकांचा, कल असतो. वर्गात कविता शिकविताना आम्ही वृत्त, अलंकार, प्रतिमा यांचा ऊहापोह करतो; ज्या गळ्यातून ती कविता निघावयाची त्या गळ्याचा मात्र विचार करीत नाही. २०११ साली स्पेनमधील अस्तुरियास राजपुत्राच्या नावाचा साहित्य-पुरस्कार लेनर्ड कोहेन या कॅनडातील गायककवीस मिळाला, आणि २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक बॉब डिलन यास मिळाले. या दोन घटनांनी हा वाद पुन्हा ऐरणीवर आला. परंतु पारितोषिकांनी वाद मिटत नसतात. ते कृतींच्या परिशीलनानेच मिटावयाचे. म्हणून कोहेनच्या दीर्घ कारकीर्दीचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे प्रारंभीच मांडतो. कोहेन कवितेकडून गाण्याकडे वळला ही त्याची उतरण नव्हती. गाण्यानेच त्याला कवितेचा खरा संयम शिकविला, आणि तो संयम पूर्णपणे पिकण्यास त्याचे उतारवय यावे लागले.

कोहेनचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजी माँट्रियलनजीक वेस्टमाउंट येथे एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य समाज फ्रेंच भाषिक; त्यात इंग्रजी बोलणारे अल्पसंख्य; आणि त्या इंग्रजी भाषिकांत ज्यू पुन्हा अल्पसंख्य. घरची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि प्रार्थनेची तिसरी, अशा स्थितीत हा मुलगा वाढला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आमच्या वाचकांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचे आजोळ विद्वानांचे होते. आईचे वडील धर्मग्रंथांचे व व्याकरणाचे नामांकित अभ्यासक होते. कोहेन नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. ही नऊ वर्षांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे येणार आहे.

१९५६ साली, मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर एका वर्षाने, त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. पुढील दहा वर्षांत आणखी काही संग्रह आणि दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. यांतील बराच काळ त्याने ग्रीसमधील हायड्रा बेटावर, १९६० साली विकत घेतलेल्या एका साध्या घरात काढला. या पहिल्या दशकातील लेखन तेजस्वी आहे, पण दाट आहे. प्रतिमेवर प्रतिमा रचली जाते. कवीला स्वतःच्या सामर्थ्याची जाणीव फार आहे. १९६६ ची त्याची दुसरी कादंबरी, 'ब्यूटिफुल लूझर्स', ही या दाटीची परिसीमा होय. टीकाकारांत तिची चर्चा झाली, पण पोट भरण्याइतकी प्राप्ती लेखनातून होईना. तेव्हा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ज्या वयात पाश्चात्त्य देशांतील लोकगीत व रॉक गाणारी तरुण मंडळी कीर्तीच्या शिखरावर असतात त्या वयात, तो गिटार घेऊन गाण्याकडे वळला.

पोटासाठी घडलेल्या या वळणातून कवितेला काय लाभले, हे 'सुझॅन' या गीतावरून दिसते. हे शब्द १९६६ च्या संग्रहात कविता म्हणून छापलेले आहेत; त्याच वर्षी ज्यूडी कॉलिन्स या गायिकेने ते गाइले आणि १९६७ च्या अखेरीस कोहेनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ते त्याच्या आवाजात आले. नदीकाठचे घर, चहा आणि संत्री, खलाशांचे प्रार्थनामंदिर असे माँट्रियल बंदराचे साधे तपशील त्यात आहेत. कागदावर वाचताना मधले ख्रिस्ताविषयीचे कडवे काहीसे उपरे वाटते. गाण्यात मात्र तीच संथ चाल एका स्त्रीपासून ख्रिस्तापर्यंत आणि तेथून पुन्हा त्या स्त्रीपर्यंत आपणांस नेते, आणि हा प्रवास एकच आहे असे पटते. जो सांधा कागदावर दिसत नाही तो चालीने जुळविला आहे. म्हणून कोहेनची गीते पुस्तकात छापून 'पाहा, ही कविताच आहे' असे म्हणणारे त्याचे चाहतेही आमच्या मते चुकतात. गीत हे गीत म्हणूनच पारखावे. आमचे संतवाङ्मय वारीत आणि कीर्तनात म्हटले गेले. अभंगाची ओळ टाळासह ऐकणे आणि पाठ्यपुस्तकात वाचणे यांतील अंतर आपणां सर्वांस ठाऊक आहे.

गाण्याने त्याला दुसरीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे समुदायाचा शब्द. पुस्तकातला कवी एकटा असतो. गाणाऱ्याच्या मागे त्याच्या आधी गाइलेल्यांची रांग उभी असते. कोहेनने १९६९ साली फ्रान्समधील नाझीविरोधी लढ्याचे एक गीत गाइले व त्यातील काही फ्रेंच कडवी तशीच ठेवली. १९७९ साली त्याने १८३७-३८ च्या उठावानंतर परागंदा झालेल्या फ्रेंच भाषिक कॅनडावासीयाचे जुने विरहगीत गाइले. इंग्रजी भाषिक माँट्रियलकराने शेजाऱ्याचे दुःख शेजाऱ्याच्या भाषेत गावे, यात केवळ रसिकता नाही. लोर्का हा स्पॅनिश कवी तर त्याचा तरुणपणापासूनचा गुरू. लोर्काच्या एका कवितेचे त्याने केलेले रूपांतर १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेत आहे. आपल्या कन्येचे नावही त्याने लोर्का ठेवले. आणि १९७४ साली त्याने ज्यूंच्या नववर्ष व प्रायश्चित्तदिनाच्या प्रार्थनेवरून एक गीत रचले. येत्या वर्षात कोण कशाने मरणार, याची यादी त्या प्राचीन प्रार्थनेत आहे. कोहेनने त्या यादीत आजच्या काळातील मरणे घातली आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, हे बोलावणे नेमके कोणाचे, असा एक विनम्र पण बोचरा प्रश्न जोडला. प्रार्थनेचा आकार तसाच राहिला. श्रद्धेच्या जागी प्रश्न आला. आणि तरीही ती प्रार्थनाच राहिली. परंपरा मोडणे व परंपरा पाळणे यांच्या मधली ही वाट चोखाळणारे कवी थोडेच.

त्याच्या दोषांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. १९७७ ची ध्वनिमुद्रिका फिल स्पेक्टर या निर्मात्याच्या वाद्यमेळात बुडून गेली आहे. शब्द हेच ज्याचे बळ, त्याचेच शब्द तेथे ऐकू येत नाहीत. पुढील काळातील यांत्रिक वाद्यांची साथ पुष्कळदा हलकी वाटते. २००४ च्या ध्वनिमुद्रिकेतील काही रचना टिपणवहीतून थेट उचलल्यासारख्या अपुऱ्या आहेत. आणि त्याच्या पूर्वार्धातील प्रेमगीतांत स्त्री ही वारंवार देव्हाऱ्यातील मूर्ती होऊन येते. तिला स्वतःचे म्हणणे आहे असे क्वचितच जाणवते. पूजेत आदर असेल, पण ओळख असतेच असे नाही.

तथापि या दोषांतून बाहेर पडण्याची त्याची रीत शिकण्यासारखी आहे. ती रीत म्हणजे खोडणे. 'हालेलूया' या आज जगभर गाइल्या जाणाऱ्या गीतावर त्याने काही वर्षे घालविली. वह्याच्या वह्या भरल्या आणि असंख्य कडवी लिहून त्यांतील मोजकी ठेवली. १९८४ साली ते ज्या ध्वनिमुद्रिकेत आले, ती अमेरिकेत काढण्यास त्याच्या कंपनीने नकार दिला. १९९१ साली जॉन केल व १९९४ साली जेफ बकली यांनी ते गाइले, तेव्हा कोठे लोकांचे लक्ष तिकडे गेले. या अवधीत कोहेनने ना तक्रार केली, ना तशाच चालीची आणखी दहा गीते पाडली. तो लिहीत राहिला आणि खोडत राहिला.

१९९४ पासून सुमारे पाच वर्षे तो कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील झेन मठात राहिला. १९९६ साली त्याने भिक्षूची दीक्षा घेतली. त्याला मिळालेल्या नावाचा अर्थ 'मौन' असा सांगतात. मठ सोडल्यावर १९९९ साली तो मुंबईस आला आणि रमेश बाळसेकर यांच्या सकाळच्या सत्संगास बसू लागला. पुढेही काही वर्षे तो येत राहिला. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य व त्यांच्या मराठी निरूपणाचे इंग्रजी दुभाषे. महाराजांची गुरुपरंपरा विजापूर जिल्ह्यातील इंचगिरीची. खेतवाडीतील एका माळ्यावर मराठीत चाललेले बोलणे इंग्रजीच्या द्वारे या ज्यू कवीपर्यंत पोहोचले, याची नोंद करावी. अभिमान मात्र मिरवू नये. आपल्या जुन्या विषण्णतेचा भार याच सुमारास उतरला असे कोहेन पुढे सांगत असे, पण त्याचे श्रेय त्याने कोणा एकास ठामपणे दिले नाही. आम्हांस दिसतो तो परिणाम एवढाच, की २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज' पासून त्याच्या गीतांतील 'मी' लहान होत गेला.

यानंतर दैवाने त्याची परीक्षा पाहिली. त्याची वृद्धापकाळासाठी ठेवलेली पुंजी व्यवस्थापकाच्या हातून जवळजवळ नाहीशी झाल्याचे त्याला उशिरा कळले. २००८ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. पैशासाठी सुरू झालेले हे दौरे थांबत थांबत २०१३ पर्यंत चालले. तीन-तीन तासांच्या या मैफलींत टोपी काढून साथीदारांपुढे गुडघे टेकणारा हा वृद्ध ज्यांनी पाहिला, त्यांना ही पोटाची विवंचना आहे असे वाटले नाही. आवाज तोवर फार खाली उतरला होता; गाणे व बोलणे यांतील सीमारेषा पुसट झाली होती. पण जेथे स्वर लांबविता येत नाही तेथे प्रत्येक शब्दाला आपल्याच पायावर उभे राहावे लागते. दुबळ्या गळ्याने दुबळा शब्द उचलला जात नाही. तरुणपणीचे शब्द चालीच्या खांद्यावर बसून येत. हे शब्द चालत आले.

आता त्या नऊ वर्षांच्या गोष्टीकडे येऊ. १९६९ साली कोहेनने अब्राहाम व इसहाक यांच्या कथेवर एक गीत रचले. देवाच्या आज्ञेवरून पुत्राचा बळी द्यावयास निघालेल्या पित्याची ही बायबलातील कथा. कोहेनने ती पुत्राच्या तोंडून सांगितली, आणि त्या पुत्राचे वय नऊ ठेवले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत, मुलांचे बळी देणाऱ्या सर्व वडीलधाऱ्यांना त्याने त्या गीतात जाब विचारला. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्याची हयातीतील शेवटची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या शीर्षकगीतात 'हिनेनी' हा एकच हिब्रू शब्द तो उच्चारतो. 'हा मी येथे आहे' असा त्याचा अर्थ. देवाने हाक मारली तेव्हा अब्राहामने दिलेले हेच ते उत्तर. ज्याने पुत्राच्या जागेवरून पित्याला जाब विचारला, तोच आता पित्याचा शब्द स्वतःसाठी घेतो. मात्र या वेळी वेदीवर दुसऱ्या कोणाला न ठेवता तो स्वतःलाच ठेवतो. गीतात देवाशी वाद आहे, त्याच्या अंधाराबद्दल कटू शब्द आहेत; शरणागती आहे, पण खुशामत नाही. त्या शब्दामागे गाणारा समूह आहे माँट्रियलमधील त्याच्या घराण्याच्या प्रार्थनामंदिराचा, आणि ध्वनिमुद्रण घरी करवून घेणारा आहे त्याचा पुत्र ॲडम. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी कोहेन निवर्तला. या गीतास २०१८ साली मरणोत्तर मिळालेला ग्रॅमी पुरस्कार 'रॉक' गायनाचा होता. वर्गीकरण करणाऱ्यांची अशीच पंचाईत होत असते.

एका शब्दात सत्तेचाळीस वर्षांचे उत्तर सामावणे, हे १९६६ च्या त्या दाट कादंबरीकाराला साधले नसते. ते कमी लिहिण्याने साधले. वाट पाहण्याने साधले. आणि लोकांपुढे तोंडाने म्हणण्याने साधले. प्रतिभा ही तारुण्याची मिरास आहे, पुढे उरते ती पुनरुक्ती, असा एक समज आमच्या पेशातही रूढ आहे. आम्ही पन्नाशी ओलांडलेले शिक्षक तो समज विद्यार्थ्यांपेक्षा स्वतःवरच अधिक लादतो. कोहेनची कारकीर्द या समजाला सबळ उत्तर देते, आणि ते सांत्वनाचे उत्तर नाही. वय वाढल्याने कविता पिकत नाही. खोडण्याचे धैर्य वयाबरोबर वाढले तरच पिकते.

आमच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती, की उद्या वर्गात कोणतीही कविता शिकविताना ती प्रथम मोठ्याने म्हणावी. आवाज चांगला नसला तरी चालेल. ज्या ओळीवर जीभ अडखळेल, तेथेच बहुधा शिकविण्याजोगे काही असेल.