सुपरमॅनचा पडद्यावरील इतिहास : एक अनुबोधपट

सुपरमॅन ह्या चित्रकथेतील नायकाच्या कारकीर्दीवर केव्हिन बर्न्स ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘लुक, अप इन द स्काय! द अमेझिंग स्टोरी ऑफ सुपरमॅन’ हा अनुबोधपट जून २००६ मध्ये अमेरिकेत प्रकाशात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सुपरमॅन रिटर्न्स’ हा कथापट तेथील चित्रपटगृहांत लागला. हे सामीप्य योगायोगाचे नव्हे. कथापटाचे दिग्दर्शक ब्रायन सिंगर हे अनुबोधपटाच्या निर्मात्यांपैकी एक होत. निवेदन केव्हिन स्पेसी ह्यांचे असून नव्या कथापटात नायकाचा हाडवैरी लेक्स लूथर तेच आहेत. दोन्ही कृतींमागे वॉर्नर ब्रदर्स ही संस्था आहे आणि सुपरमॅनची मालकीही तिच्याच घरची. नायकाचे चरित्र खलनायकाच्या तोंडून ऐकण्यातली गंमत सोडून दिली, तरी हा इतिहास कोणाच्या दारी बसून सांगितला गेला हे ध्यानात ठेवूनच तो पाहावा लागतो.

मराठी वाचकाला ही जात अपरिचित नाही. बखर खोटी असते असे नव्हे. पुष्कळदा अन्यत्र न मिळणारा तपशील तीच जपून ठेवते. मात्र ज्याच्या आज्ञेवरून ती लिहिली जाते त्याच्या गादीपाशी येऊन तिचा ओघ थांबतो. प्रस्तुत पटाचेही तसेच आहे. १९३८ साली ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरलेला नायक जणू तेव्हाच परिपूर्ण होता, पुढे व्यंगपट, मालिकापट, दूरचित्रवाणी आणि भव्य चित्रपट ह्यांनी त्याला एकामागून एक नवी शरीरे दिली, आणि त्या परंपरेचा ताजा वारस ब्रँडन राउथ हा नट होय, अशी ही वंशावळ आहे. तिच्या आखणीत सफाई आहे. इतिहास म्हणून मात्र ती उलटी आहे.

कारण १९३८ चा सुपरमॅन उडतच नव्हता. तो उड्या मारी : एका झेपेत मैलाचा आठवा हिस्सा, फार तर वीस मजल्यांची इमारत. त्याला आकाशात स्थिर केले ते ध्वनीने आणि चित्रपटाने. १९४० मध्ये सुरू झालेल्या नभोवाणी-मालिकेत तो हवेतून जातो हे वाऱ्याच्या आवाजाने आणि नटाच्या आरोळीने भागत असे. १९४१ मध्ये फ्लाइशर बंधूंच्या चित्रशाळेने त्याच्यावर रंगीत व्यंगपट काढावयास घेतले, तेव्हा नायक टुणटुण उडया मारताना विचित्र दिसतो असे आढळून आले आणि तो सरळ उडू लागला. त्याला हतबल करणारे क्रिप्टोनाइटसुद्धा १९४३ साली प्रथम नभोवाणीवर आले. चित्रकथेच्या पानांत ते शिरावयास १९४९ उजाडले. म्हणजे आज ज्याला ‘मूळ’ सुपरमॅन म्हणतात त्याचा मोठा भाग मुळाबाहेरचा आहे. हे सुटे तपशील एकत्र ठेवले की रूपांतर आणि मूळ ह्यांचे रूढ नातेच उलटते. बर्न्स ह्यांचा पट क्रम सांगतो, परंतु ह्या प्रश्नापाशी तो थबकत नाही.

पडद्यावरील सुपरमॅनचा खरा इतिहास हा उड्डाणाच्या अडचणीचा इतिहास आहे. फ्लाइशरांच्या सतरा व्यंगपटांत (शेवटचे आठ त्यांच्यानंतर आलेल्या फेमस स्टुडिओजचे) ती अडचण नव्हती; रेखाटलेल्या देहाला वजन नसते. जिवंत नट आला आणि वजन आले. १९४८ च्या पंधरा भागांच्या मालिकापटात कर्क अॅलिन धावत येई, आणि जमीन सोडताच त्याच्या जागी हाताने काढलेले चित्र उडू लागे. हे पाहून आजचा प्रेक्षक हसतो. परंतु त्या सांध्यात एक प्रामाणिकपणा आहे : माणूस जिथे संपतो तिथे चित्रकथा सुरू होते, हे तो लपवीत नाही. १९५२ ते १९५८ ह्या काळातील १०४ भागांच्या दूरचित्रवाणी-मालिकेत जॉर्ज रीव्ह्ज उसळफळीवरून झेप घेत आणि उड्डाणाची तीच ती दृश्ये पुनःपुन्हा वापरली जात. पैसा थोडा होता. त्यामुळेच कदाचित त्या मालिकेचे बळ आकाशात नसून खोलीत आहे. रीव्ह्ज ह्यांचा क्लार्क केंट भित्रा नाही, तो शहाणा आणि थोडा मिस्किल पत्रकार आहे. ही भूमिका पुढे कोणी फारशी उचलली नाही.

१९७८ च्या रिचर्ड डॉनर ह्यांच्या चित्रपटाने अडचण सोडविली असे मानतात. झोरान पेरिसिक ह्यांच्या योजनेत प्रक्षेपक आणि कॅमेरा ह्या दोहोंना झूम भिंगे एकमेकांशी जुळवून बसविली होती. मागचे दृश्य चौकटीत तेवढेच राही, आणि जागच्या जागी टांगलेला नट जवळ येतो किंवा दूर जातो असा भास होई. यंत्र अचूक होते. तरीही विश्वास बसतो तो ख्रिस्तोफर रीव्ह ह्यांच्या देहबोलीमुळे. वळताना ते आधी खांदा झुकवितात, उतरताना पाय जमिनीला विचारून टेकवितात. चष्मा चढविताच त्यांची उंचीच दोन बोटे कमी झाल्यासारखी वाटते. १९९५ च्या अपघातानंतर त्याच देहाला मानेखाली हालचाल उरली नाही, आणि २००४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्मृतीचा आधार घेऊन नव्या नटाला सिंहासनावर बसविण्याची निकड ह्या सबंध उपक्रमाला आहे, आणि ती जाणवते.

राहिला जनकांचा प्रश्न. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांनी नायकाचे हक्क १३० डॉलरना दिले. १९७५ मध्ये लोकमताच्या दडपणाखाली वॉर्नरने त्यांना वर्षासन बांधून दिले आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत परतली. ह्या घटनेवर ‘अखेर न्याय झाला’ असा पडदा टाकण्याचा मोह मालकी असलेल्या संस्थेला होणारच. वस्तुतः २००६ मध्ये, हा पट दाखविला जात असतानाच, सीगल ह्यांची विधवा पत्नी व कन्या ह्यांचा त्याच संस्थेविरुद्धचा दावा न्यायालयात चालू होता. २००८ मध्ये निकालाचे पारडे वारसांकडे झुकले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरविले. तेव्हा ह्या पटाकडे साधन म्हणून वळणाऱ्या अभ्यासकाने त्यातील जुन्या चित्रफिती निःशंकपणे घ्याव्यात, पण १३० डॉलरांनंतरचा हिशेब न्यायालयाच्या कागदपत्रांतूनच वाचावा.