निवृत्तिवेतनाच्या परिभाषेतील 'दान'

सरकारी सेवकाच्या वार्धक्याची तरतूद ही हक्काची बाब की मेहेरबानीची, या प्रश्नाचा निकाल न्यायालयाने दिलेला असला, तरी शासकीय मराठीने तो अद्याप पूर्णपणे मानलेला दिसत नाही. १८७१ च्या पेन्शन अधिनियमाने पेन्शन व इनामादी अनुदाने एकाच मापाने मोजली आणि त्यांविषयीच्या दाव्यांस दिवाणी न्यायालयाचे दार सामान्यतः बंद केले. पुढे देवकीनंदन प्रसाद (१९७१) व नाकारा (१९८२) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही खैरात नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांच्या शीर्षकातील 'निवृत्तिवेतन' हा समास या दृष्टीने समर्पकच म्हटला पाहिजे. वेतन हे केलेल्या कामाचे असते. तेव्हा निवृत्तिवेतन म्हणजे पूर्वश्रमाचे लांबणीवर टाकलेले मोल, हा इंग्रजी शब्दात नसलेला अर्थ मराठीत आपसूक आला. मात्र 'ग्रॅच्युइटी'साठी योजलेल्या 'उपदान' या शब्दाने ही कमाई गमावली. संस्कृतात उपदान म्हणजे भेट, नजराणा, प्रसंगी लाचही! मूळ शब्दातील मेहेरबानीची छटा भाषांतरकारांनी इमानाने उचलली, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

१ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांस लागू झालेल्या 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजने'त हा दोष अधिक गंभीर होतो. परिभाषा संज्ञेची होते, रकमेची नव्हे. येथे अभिप्रेत अर्थ केवळ 'निश्चित' एवढाच. शिवाय हे विशेषण कोणत्या नामाचे, हे त्या लांबलचक नावात हरवते. वस्तुतः निश्चित आहे ते अंशदान. निवृत्तिवेतन बाजाराच्या चढउतारावर सोपविलेले. नाव वाचून एखाद्या नवख्या कारकुनाने नेमका उलटा समज करून घेतला, तर दोष त्याचा नव्हे. 'दाना'ची दिशाही येथे पालटली: उपदानात दाता शासन होते, अंशदानात सेवकालाही दाता व्हावे लागले. पुढे राज्य कर्मचाऱ्यांस राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आणल्यावर नावातून 'अंशदान' हा शब्दही गळाला; वेतनातील कपात अर्थातच राहिली.

मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा दुमदुमली. तीत यमकाची सोय होती, हे खरे. परंतु 'परिभाषित' या शब्दाला जो भेद दाखविता आला नाही, तो 'जुनी' या साध्या विशेषणाने दाखविला. नियमांच्या पुढील आवृत्तीत निदान 'निश्चित अंशदान' असा शब्दप्रयोग करण्यास भाषेच्या बाजूने कोणतीच अडचण नाही.