हरकी, गुन्हेगारी व कोर्ट-फी

मराठेशाहींतील न्यायाविषयीं दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एक असें कीं, त्या काळीं न्याय विकत मिळे. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ व हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ उकळण्यासाठींच सरकार निवाडे करी. दुसरें असें कीं, गोतसभेचा व पंचाइतीचा न्याय फुकट होता आणि दाव्यावर मोल बसविण्याची रीत इंग्रजांनीं आणली. पहिलें मत इंग्रजी लेखकांवर पोसलेलें आहे, दुसरें स्वाभिमानावर. कागद समोर ठेवले असतां दोहोंपैकीं एकही टिकत नाहीं, आणि तें कां टिकत नाहीं एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम शब्द पाहूं. ‘हरकी’ हा शब्द हर्ष, हरख या परंपरेंतला मानण्यास अडचण दिसत नाहीं. तिच्याच जोडीला येणारी ‘शेरणी’ फारसी शिरीनीपासून, म्हणजे मिठाईपासून, आली. ‘गुन्हेगारी’चें मूळ तर उघडच आहे. एकास आनंदाचें नांव, दुसऱ्यास अपराधाचें. हे दोन पैसे एकाच दप्तरांत जमा होत असले तरी लोकांच्या मनांत त्यांची जात एक नव्हती. इंग्रजी भाषांतरांत हरकीस ‘नजराणा’ या अर्थाचा शब्द घातला म्हणजे तो भेद नाहींसा होतो, व वाचणाऱ्यास लांचेचा वास येऊं लागतो.

आतां हा भेद मराठ्यांनीं नवा काढला काय? नाहीं. मनूनें ऋण कबूल करणाऱ्यावर शेंकडा पांच व नाकबूल करणाऱ्यावर त्याच्या दुप्पट दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य आणखी एक पाऊल पुढें जातो: ऋण शाबीत झाल्यावर राजानें ऋणकोकडून शेंकडा दहा घ्यावे आणि ज्याचें येणें वसूल झालें त्या धनकोकडूनही शेंकडा पांच घ्यावे. येथें विज्ञानेश्वराची मिताक्षरा फार मार्मिक आहे. पहिली रक्कम दंडरूपानें व दुसरी भृतिरूपानें घ्यावयाची, असा तो अर्थ लावतो. भृति म्हणजे वेतन. जिंकणारा अपराधी नव्हे. राजानें त्याचें काम करून दिलें, त्याची ती मजुरी. कौटिल्याच्या व्यवहारप्रकरणांतही माणसाची भृति व भावाप्रमाणें वाटखर्च, हीं दोन्हीं हरणाऱ्यानें द्यावीं असें आहे. आजच्या समन्साच्या तलबान्याचा तो पूर्वजच म्हणावा. गुन्हेगारी व हरकी यांचा सांचा याच जातीचा आहे. शब्द फारसी वळणाचे असल्यामुळें ही रीत थेट स्मृतींतून उतरली असें मी म्हणत नाहीं; मधल्या सुलतानी अमदानीचा हिशेब ज्याचा त्यास दिलाच पाहिजे.

या सर्वांतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. भृति असो कीं हरकी, ती निकालानंतर घ्यावयाची. कार्य झालें नाहीं तर हरकी नाहीं. फिर्यादीस दाराशीं अडवून ‘आधीं पैसे टाक, मग तोंड उघड’ असें म्हणणें हा या पद्धतीचा स्वभाव नव्हे.

म्हणून ती निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. स्मृतींत शेंकड्याचा दर ठरलेला आहे. हरकीचा आंकडा वतनाचें मोल, पक्षकाराची ऐपत आणि अंमलदाराची मर्जी पाहून ठरे. दुसरा दोष याहून मोठा आहे. मनूचा दुप्पट दंड खोटें बोलणाऱ्यास आहे. पाटीलकीच्या भांडणांत तीन पिढ्यांपूर्वींची वांटणी कोणासच धड ठाऊक नसतां जो प्रामाणिकपणें हरला, त्याच्याकडूनही गुन्हेगारी घेणें म्हणजे अज्ञानास अपराध ठरविणें होय. शिवाय हें उत्पन्न महालाच्या जमेंत पडे. तेव्हां जमा वाढविणें ज्याच्या हिताचें, त्याच्याच हातीं निवाडा, हा मोह सदैव उभा. येथें पहिल्या मताच्या लोकांचें म्हणणें मी मान्य करतों.

परंतु इंग्रजांनीं काय केलें? कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं बंगाल्यांत दाव्यावरील फी काढून टाकली. दोनच वर्षांनीं, १७९५ च्या ३८ व्या रेग्युलेशनानें, ती पुन्हां बसली. कारण दिलें तें खोट्या दाव्यांस आळा घालण्याचें. मेकॉलेनें पुढें या कारणाची यथेच्छ टर उडविली, आणि ती रास्त होती. फी खरें-खोटें पाहत नाहीं, गरीब-श्रीमंत तेवढें पाहते. खोटा दावा करणारा श्रीमंत ती हंसत भरतो; खरा पण निर्धन दावेदार घरीं बसतो. मनूस जो विवेक सुचला, कबूल करणारा व नाकारणारा यांत भेद करण्याचा, तो येथें सुटला. पुढें १८७० च्या ७ व्या कायद्यानें हीच रीत सर्वत्र कायम झाली. त्या कायद्याचा एक गुण कबूल केला पाहिजे: दर छापलेले होते, व मूळच्या कोष्टकांत ३,००० रुपयांची कमाल मर्यादाही होती. हरकीच्या काळीं असें कोष्टक कोणाच्या हातीं नव्हतें.

हा पैसा न्यायखात्यासाठींच आहे कीं खजिन्याच्या भरतीसाठीं, हा वाद स्वराज्यांतही मिटला नाहीं. कोर्ट-फी कर नसून फी आहे, सबब तिचा दिवाणी न्यायाच्या खर्चाशीं संबंध असला पाहिजे, असें मद्रासकडील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. तो निकाल १९७३ च्या न्यायवृत्तांत आहे. म्हणजे विज्ञानेश्वराची भृतीच पुन्हां सांगितली! मुंबईच्या १९५९ च्या कायद्यांत दाव्यास १५,००० रुपयांची मर्यादा आणि प्रोबेटास मात्र मर्यादा नाहीं, असा विषमभाव होता. तोही १९८८ सालीं त्याच न्यायालयानें रद्द केला.

आतां संग्राहकांस एक विनंती. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ १९५३ सालीं निघाला तो महजर व निवाडपत्रें यांच्या बळावर. असे कागद आपण जिवापलीकडे जपतों, कारण त्यांवर शिक्के-मोर्तब व गोताच्या निशाण्या असतात. त्याच रुमालांतल्या हिशेबी फर्दा मात्र ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, कधीं वाळवीच्या वांट्यास जातात. हरकी किती ठरली, हप्ते कसे बांधले, सूट कोणास मिळाली आणि रक्कम कोणत्या सदरीं जमा झाली, हें निवाडपत्र क्वचितच सांगतें. ती फर्द सांगते. निवाड्याची मिति व हरकी जमा झाल्याची मिति अशा दोन्ही मित्या ज्या प्रकरणांत एकत्र सांपडतील, तें प्रकरण कितीही लहान गांवचें असलें तरी सबंध छापावें.