होमी वाडिया : पराक्रमपटांचा पडद्यामागील कर्ता

चित्रपटाचे श्रेय प्रथम नटास, मग दिग्दर्शकास आणि काही उरलेच तर निर्मात्यास द्यावयाचे, असा आपल्या समीक्षेचा प्रघात आहे. अचाट पराक्रमाच्या चित्रपटांविषयी हा क्रम विशेष फसवा ठरतो. नायक पडद्यावर एकटा लढतो. परंतु त्याचे सामर्थ्य अनेकांच्या श्रमांतून सिद्ध होते, आणि ते श्रम एकत्र आणून टिकवून धरणारा मनुष्य प्रेक्षकांस दिसत नाही. होमी वाडिया (१९११–२००४) यांची कारकीर्द ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ते स्वतः दिग्दर्शकही होते, हे खरे. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व निर्मितीच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन ही संस्था स्थापिली. परळ येथील तिच्या चित्रशाळेतून १९३५ साली 'हंटरवाली' बाहेर पडला. दुष्ट प्रधानाच्या जाचातून प्रजेस सोडविण्यासाठी मुखवटा धारण करणारी राजकन्या नादियाने उभी केली. अमेरिकेत सुपरमॅनची चित्रकथा प्रथम छापली गेली ती १९३८ साली, हा कालक्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. हंटरवालीस कोणतीही दैवी शक्ती नाही. चाबूक, घोडा आणि कसलेले शरीर एवढेच तिचे भांडवल. साहसाची दृश्ये नादिया स्वतः करीत असे. म्हणून येथील अद्भुत हे कल्पनेपेक्षा कसरतीवर, म्हणजे पर्यायाने तालीम, धोका आणि काटेकोर आखणी ह्यांवर उभे आहे.

दोघा बंधूंच्या अभिरुचीतील अंतर पुढे स्पष्ट झाले. थोरल्या बंधूंची ओढ प्रतिष्ठित विषयांकडे होती. १९४१ सालचा 'राजनर्तकी' हे तिचे फळ. होमींनी मात्र साहसपटांचा मार्ग सोडला नाही. १९४२ साली त्यांनी बसंत पिक्चर्सची उभारणी केली आणि १९४३ साली 'हंटरवाली की बेटी' प्रदर्शित झाला. त्याच सुमारास परळची वास्तू व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराकडे गेली. तेथे रुजलेली साहसपटांची परंपरा अशा रीतीने वास्तूवाचून जगली, हेच निर्मात्याच्या कार्याचे प्रमाण होय.

पुढे चेंबूरच्या बसंत स्टुडिओत ह्या परंपरेने निराळे रूप घेतले. 'श्री गणेश महिमा' (१९५०), 'हनुमान पाताल विजय' (१९५१), 'अलादीन और जादुई चिराग' (१९५२) आणि 'हातिमताई' (१९५६) ह्या चित्रपटांत चाबकाची जागा वरदानाने व जादूने घेतली. वरवर पाहता हे पुराणांकडे वळणे होय; वस्तुतः कारखाना तोच, केवळ माल बदलला. 'काला धागा' ह्या नावाने ओळखले जाणारे युक्तिछायाचित्रणाचे जाणकार बाबूभाई मिस्त्री यांचे साहाय्य ह्या परंपरेस लाभले. काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हालवावी आणि दोरा मात्र दिसू नये, ही त्यांची युक्ती. न दिसणाऱ्या दोऱ्याचा हा न्याय निर्मात्यासही लागू पडतो.

ही केवळ धंदेवाईक पुनरुक्ती होती, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी निराधार नाही. हंटरवाली अन्यायी प्रधानास हटविते, परंतु राजसिंहासनास प्रश्न विचारीत नाही. कथांचा साचा होमींनी क्वचितच मोडला. तरीही त्या साच्यात स्त्रीच्या बाहुबळास मिळालेले स्थान समकालीन सामाजिक बोलपटांतील सोशिक नायिकांशी ताडून पाहता थोडे नव्हे. १९६८ सालच्या 'खिलाडी'मध्ये साठीतील नादियास त्यांनी पुन्हा साहसाच्या भूमिकेत आणले, हाही त्या निष्ठेचाच पुरावा.

तात्पर्य, अभ्यासकाने ह्या चित्रपटांतील मुखवट्याचा अर्थ लावून थांबू नये. घोडे सांभाळणारे, पडद्यामागे दोरा ओढणारे, नायिकेस झेलण्यासाठी खाली उभे असणारे असे जे हात, त्यांचाही इतिहास समीक्षेच्या कक्षेत आला पाहिजे. निर्मात्याच्या कारकिर्दीचे मोल त्याच्या नावामागे दडलेल्या ह्या समूहाच्या शोधात आहे. तो शोध न घेता केलेले श्रेयाचे वाटप अपुरेच राहील.