‘सुत्ताले’ म्हणजे काय?

दशलक्षण पर्वात महिला मंडळात मला दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय मीच घेतला, श्रवणबेळगोळचा शिलालेख. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली ती वाक्यं आपण शाळेपासून ऐकतो : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’. मोठ्यानं वाचून पाहताना ‘सुत्ताले’पाशी अडले. आजवर कधी अर्थच विचारला नव्हता!

गूगलवर शब्द टाकला. लेख पुष्कळ निघाले. सगळीकडे तेच वाक्य, तेच इ.स. ९८३, तोच ‘मराठीतलं पहिलं वाक्य’ म्हणून अभिमान. अर्थ मात्र गाळलेला. एकीनं उतरवलेली चूक दहाजणींच्या वहीत गेली, म्हणून ती बरोबर ठरत नाही.

उत्तर मिळालं ते त्याच दगडावर. तिथे हीच गोष्ट कन्नडमध्येही कोरलेली आहे आणि तिच्यात शब्द आहे ‘सुत्तालय’. कन्नडमध्ये ‘सुत्त’ म्हणजे सभोवती. म्हणजे मूर्तीभोवतीचा आवार, ओवऱ्या. चामुंडरायानं मूर्ती करवली, गंगराजानं भोवतीचं बांधकाम करवलं.

मग सनही खटकला. मूर्ती इ.स. ९८१च्या सुमाराची. गंगराज तर होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातला. मधे शंभरावर वर्षं गेली. मग दुसरं वाक्य ९८३चं कसं असेल? अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा, तो याच्या आधीचा ठरतो.

आमच्या नवागामात ओट्यावर मराठी-गुजराती एकत्रच चालते. शेजारच्या बेनना ‘करवियलें’ वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, “कराव्युं, ने?” मला कन्नडनं एक शब्द सांगितला, त्यांना गुजरातीनं दुसरा.

मंडळात हे सगळं सांगितलं. ‘पहिलं’ हा शब्द मी वापरला नाही. एक काकू नाराज झाल्या. “मग आपला मान गेला का गं?”

मी म्हटलं, “काकू, चामुंडरायाचं नाव तिथे कन्नड, तमिळ आणि मराठी, तिन्ही भाषांत आहे. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं, एवढी काळजी कोणीतरी घेतली. आपण मात्र पहिला नंबर लावत बसलो आणि वाक्य वाचायचंच राहिलं.”

काकू थोड्या वेळानं म्हणाल्या, “तो कन्नड शब्द परत सांग. लिहून घेते.”