एक गळा, अनेक ओव्या

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हाती घेतला की वाचकाच्या मनात एक तक्रार हमखास येते : साऱ्या ओव्या सारख्याच! तोच भाऊ, तेच माहेर, तोच पाऊस. ध्वनिमुद्रण ऐकावे, तर पुष्कळदा चालही तीच. आम्हीही आरंभी असेच म्हणत होतो. भोर-वेल्ह्याकडील ओव्या सावकाश ऐकल्यावर मात्र ते मत आम्हांस मागे घ्यावे लागले.

पुण्याचे कै. गी पॉइतवाँ व कै. हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या डोंगरी तालुक्यांतून ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढे हा संग्रह लाखावर गेला. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने तो सर्वांस खुला केला आहे.

चालीला या बायका ‘गळा’ म्हणतात. गळा गावाचा, शब्द जिचे तिचे. एकीने ओळ उचलावी, समोरचीने ती झेलावी; ‘गं बाई’सारखी पालुपदे घालून दोन ओळींची ओवी गळ्याच्या मापात बसवावी. जमैका बेटावरील रेगे संगीतात अशीच रीत आहे. तेथे वाद्यांच्या एका ठेक्याला ‘रिडिम’ म्हणतात आणि त्याच ठेक्यावर अनेक गायक आपापली गाणी म्हणतात. १९८५ साली गाजलेल्या ‘स्लेंग टेंग’ या रिडिमवर कितीतरी गायकांनी गाणी केली. तेथे कोणी यास उसनवारी मानीत नाही. उलट ओळखीच्या ठेक्यावर हा नवा गायक काय म्हणतो, इकडेच साऱ्यांचे कान लागतात.

ओवीचेही तेच आहे. पहाटे हात खुंट्याला गुंतलेले असताना नवी चाल शोधण्यास बाईस सवड कोठली? सर्वांचा गळा तिचा तो भार हलका करतो. मग एकीचा भाऊ दारी येतो, दुसरीचा येत नाही. चाल एकच, पण दुःख निराळे. चाल निराळी असती, तर हा फरक इतका स्पष्ट ऐकू आला नसता.

येथे एक सावधगिरी हवी. ओवीचे शब्दही थोड्या फरकाने अनेकींच्या तोंडी आढळतात. म्हणून मालकीचा दावा करू नये. परंतु कोणती ओवी, कोणत्या ओवीमागून, कोणाचे नाव गुंफून म्हणायची, ही निवड त्या बाईचीच असते. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे व गावाचे नाव नोंदलेले आहे, हे आम्हांस त्याचे सर्वांत मोठे मोल वाटते. ‘पारंपरिक’ हा एकच शब्द छापून आपण कितीतरी माउल्यांची नावे पुसून टाकली आहेत.

आपणां ख्रिस्ती मराठी वाचकांस ओवी परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण ओवीबद्धच आहे. ती ग्रंथातील ओवी, ही जात्यावरची. तरी दोघी बहिणीच. फादरांचे नाव आपण आदराने घेतो. मग आपल्याच घरातील आजीने जात्यावर वा लग्नाच्या मांडवात म्हटलेली ओवी लिहून घेताना तिच्याखाली तिचे नाव का नसावे?

गळा सर्वांचा असो. गाणारी मात्र निनावी राहू नये.