'एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप' : रस्त्यावरील कला, प्रदर्शन आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रास्ताविक :
भिंतीवर रात्रीतून उमटणारी आणि सकाळी पुसली जाण्याची शक्यता गृहीत धरणारी कला प्रदर्शनाच्या दालनात आली, म्हणजे तिचे नेमके काय होते? आपली ओळख गुप्त ठेवणारा इंग्लंडमधील भित्तिचित्रकार बँक्सी याच्या 'एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप' (२०१०) या चित्रपटाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

आशय व रूपबंध :
लॉस एंजेलिसमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालविणारा फ्रेंच गृहस्थ थिएरी गेटा वर्षानुवर्षे भित्तिचित्रकारांचे चित्रीकरण करतो. त्याने केलेले संकलन पाहून बँक्सी ती सामग्री स्वतःकडे घेतो व गेटाला स्वतःची कला निर्माण करण्यास सुचवितो. येथे चित्रण करणाराच चित्रणाचा विषय बनतो आणि माहितीपटाची रूढ चौकट मोडते. 'मिस्टर ब्रेनवॉश' या नावाने गेटाने जून २००८ मध्ये हॉलीवूडमधील सीबीएसच्या जुन्या स्टुडिओत 'लाइफ इज ब्यूटिफुल' हे प्रदर्शन भरविले. पुस्तकांतील चित्रांवर त्याने खुणा करावयाच्या आणि प्रत्यक्ष काम पगारी सहायकांनी करावयाचे, अशी त्याची पद्धत दिसते. चित्रपटानुसार पहिल्या आठवड्यात सुमारे १० लाख डॉलरची विक्री झाली.

मीमांसा :
गेटा ही बँक्सीनेच रचलेली थट्टा आहे काय, यावर बरीच चर्चा झाली. ती गौण वाटते. कारण गेटाची चित्रे वास्तवात विकली गेली, आणि छायाचित्रकार ग्लेन फ्रीडमन यांच्या एका छायाचित्राच्या वापराबाबत २०११ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णयही दिला. खरा प्रश्न कलेला मान्यता कोण देतो, हा आहे. प्रदर्शनापूर्वी बँक्सी व शेपर्ड फेअरी यांनी दिलेल्या अभिप्रायांची गेटाने मोठी जाहिरात केली, हे चित्रपटच दाखवितो. म्हणजे ज्या यशाबद्दल हे दोघे खेद व्यक्त करतात, त्यात त्यांचाही वाटा होता. शिवाय २००६ मध्ये बँक्सीच्या 'बेअरली लीगल' या प्रदर्शनात रंगविलेला हत्ती उभा होता आणि नामवंतांची गर्दी लोटली होती. यंत्रणा तीच होती. उपहास मात्र प्रामुख्याने गेटाच्या वाट्याला येतो. सहायकांकडून काम करून घेणे हा दोष मानावा, तर अँडी वॉरहॉललाही त्याच न्यायाने तोलावे लागेल.

समारोप :
चित्रपटाचे शीर्षक विक्रीच्या दुकानातून बाहेर पडण्याची वाट दाखविते; त्या वाटेवर बँक्सीही उभा आहे, याची जाणीव शीर्षकात आहे, निवेदनात मात्र क्वचितच आढळते. २०१८ मध्ये लिलाव होताच अर्धवट फाटलेले त्याचे चित्र २०२१ मध्ये कितीतरी अधिक किमतीस विकले गेले. बाजाराचा उपहासही बाजार पचवितो, हे त्यावरून स्पष्ट होते. या चित्रपटाचे मोल गेटाच्या फजितीत शोधण्यापेक्षा त्याने नकळत दिलेल्या या साक्षीत शोधणे अधिक उचित ठरेल.